टेसाला या घरातून हलवू नये

मी, कोरीन बेथ ड्रेसलर, वय सत्तेचाळीस, राहणार सलाइना, कॅन्सस, हे मृत्युपत्र शांत डोक्याने लिहीत आहे. मला कसलाही आजार नाही. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच कुणा मुख्य प्रशिक्षकाचाही नाही.

१. राहते घर माझ्यानंतर माझी एकुलती मुलगी टेसा हिचे. मी विकत घेतलेले हे पहिलेच घर. कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाला काढले की त्याचे सहायकही जातात, आणि त्याला दुसरीकडे काम मिळाले की तो त्यांना बोलावून घेतो. या रिवाजाने मी आधी सामन्यांचे व्हिडिओ कापले, मग खेळाडू शोधत गावोगाव फिरले, मग पहिली सहायक झाले. हुद्दा वाढत गेला, पण एका गावचे पडदे पुढच्या गावच्या खिडक्यांना कधी बसले नाहीत.

२. टेसा सज्ञान होण्याआधी मी गेले, तर माझी बहीण ग्रेटा हिने तिचा सांभाळ करावा. तिचे वडील हयात नाहीत. अट एकच: ग्रेटाने इथे राहायला यावे, टेसाला नेब्रास्काला नेऊ नये. याबद्दल फोनवर झालेले बोलणे नोंदवून ठेवते.

"अगं, पोरगी माझ्याकडे आली तर बिघडलं कुठे? गाई आहेत, मोकळी हवा आहे."

"इथे तिला मैत्रिणी आहेत, ग्रेटा. गेल्या वर्षीच्याच या वर्षीही."

"आणि माझ्या गाई?"

"विक."

"मेल्यावरही हुकूम सोडणार बाई!" मग तिने गाई कोण घेईल त्यांची नावे मोजली. "बरं, येईन. पण तू मरू नकोस. तुमच्याकडचा वारा मला सोसत नाही."

तिची लेखी संमती सोबत जोडली आहे.

३. बँकेतली शिल्लक टेसाच्या शिक्षणासाठी. शिट्टी आणि डावपेच आखायची पाटी इथल्या शाळेतल्या मुलींच्या संघाला. ऑगस्टपासून मी त्यांना शिकवणार आहे. त्यांचे सामने बसने जाऊन जेवणाच्या वेळेपर्यंत परत येण्याइतके जवळ असतात.

४. कपाटातला निळ्या कापडाचा तुकडा माझे मुख्य प्रशिक्षक हार्लन प्रॉक्टर यांना द्यावा. तो त्यांच्याच कोटाचा आहे. पंचांवर चिडून ते मैदानात घुसू नयेत म्हणून मागून त्यांचा कोट धरून ठेवणे, हे माझ्या कामांपैकी एक होते. मार्चमधल्या शेवटच्या सामन्यात ते नवा, उन्हाळी कोट घालून आले. मी धरला, ते सुटले, तुकडा माझ्या हातात राहिला. दंड झाला, समोरच्यांना फ्री थ्रो मिळाले आणि आम्ही हरलो.

"सोडलंस मला, कोरीन!"

"मी नाही सोडलं, कोच. शिवण सुटली."

ते हसले नाहीत. आठवड्याभरात त्यांना काढले, पाठोपाठ आम्हालाही. कोच, माझा राग उरलेला नाही. पण तुकडा ठेवा, आणि पुढचा कोट जाड घ्या.

५. एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. "मोंटानात काम मिळालंय. माणसं चांगली आहेत. चल." मी नाही म्हणून फोन खाली ठेवला, तोवर टेसाने तळघरातून रिकामे खोके आणून पुस्तके भरायला घेतली होती. तिने रडारड केली नाही, जायचे का म्हणून विचारलेही नाही. इतके ते तिच्या सवयीचे झाले होते.

"कुठलं राज्य, आई?"

"कुठलंच नाही. मी नको म्हटलं."

"मागच्या वेळीही असंच म्हणाली होतीस."

"या वेळी खरं सांगतेय."

"मग लिहून दे. आणि तू नसलीस तरी लागू राहील असं लिहून दे."

म्हणून हे लिहून देत आहे. टेसाची शाळा संपेपर्यंत तिला या घरातून कुणीही, कुठल्याही चांगल्या संधीसाठी, हलवू नये. ही माझी शेवटची आणि खरे तर एकमेव इच्छा आहे.

साक्षीदारांसमोर वाचून सही केली.

कोरीन बेथ ड्रेसलर
सलाइना, १८ मे २०१९

साक्षीदार: रूबेन ओल्टमन, शेजारी
साक्षीदार: आयव्ही पेटिट, शाळेच्या ग्रंथपाल

ता. क. माझ्या सहीतले शेवटचे अक्षर वाकडे आले आहे. सही माझीच आहे. कागद वाचून झाल्यावर टेसा वर गेली, आणि नेमकी मी सही करत असताना तिच्या खोलीच्या भिंतीत पहिलाच खिळा ठोकू लागली.