रुमाल टाकून धरलेली जागा

मंगळवार, संध्याकाळ

लिहायचं लई दिवस टाळलं. भटकण्यात जीव रमतो, काय करू?

परवा पाचोडला काकांकडं गेलो. चुलतबहीण पूजी दहावी पास झाली, पण काका म्हणतात, "एसटीच्या गर्दीत पोरीला रोज कॉलेजला कशाला धाडायचं?" नापास झालेल्या थोरल्या पोराला मात्र शहरात खोली!

निघताना काका अन् पूजी स्टँडवर सोडायला आले. एसटी आली. पूजीनंच गर्दीत घुसून खिडकीतून रुमाल टाकला, माझी जागा धरली. स्टँडवरची भजी काय होती... ते राहू दे. मी म्हणालो, "काका, आपल्या घरात जागा धरतं कोण, अन् मिळते कुणाला?" पूजी हसली. काकांनी पाठ फिरवली.

दुखावलं का त्यांना? पूजीचा रुमाल अजून माझ्याच खिशात आहे.

दार वाजलं. अरे, काका! मागं पूजी.

"हिनं एसटीच्या गर्दीत मला खिडकीशी बसवून आणलं. उद्या इथलं कॉलेज दाखव."