वखारीची धूळ

प्रिय सुविधा,

गेल्या मंगळवारी पावणेअकराला सदलग्याच्या बसस्टँडवर उभ्या उभ्या मोबाइलवर तपासणीचा रिपोर्ट उघडला, आणि त्या मिनिटाला माझं सगळं बदललं.

माझ्या थुंकीचा नमुना तूच पाठवायला लावलेलास. महादेवमामाचे डोळे तिसाव्या वर्षी गेले ते निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या धुळीनं, असं आमच्या घरात सगळे मानतात. मामासुद्धा. बिडी विझवताना अजून म्हणतो, ‘हिनंच खाल्लं रं मला.’ सेकंड इयरला सरांनी भर वर्गात त्यावर विनोद केला. मी जर्नल त्यांच्या टेबलावर फेकलं, दार आपटून बाहेर पडलो, ते परत गेलोच न्हाय. तू बेळगावात राहिलीस, शिकलीस, म्हणून मला समजावू शकलीस.

तुझं बोलणं पाठ झालंय. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या माइटोकॉन्ड्रियांना स्वतःचा वेगळा डीएनए असतो, त्याच्या ढीगभर प्रती. ऑक्सिजन वापरताना ठिणग्या उडतात, प्रतींना चटके बसतात. थोडा चटका असला तर पेशी दुरुस्त करते. लई जळालेली प्रत मोडून टाकते आणि चांगलीवरून नवी काढते. मी खुळ्यागत विचारलं, मग मामाच्या पेशींनी का न्हाय काढली? उत्तर रिपोर्टात आलं. चांगली प्रत नव्हतीच. जन्मापासून सगळ्यांत तीच चूक, बिडीच्या धुरानं फक्त ठिणग्या वाढवल्या. आणि तीच चूक माझ्यात.

पण ती आईकडून येते, बाप पुढं देत न्हाय! स्टँडवर मी ओरडलोच. तुझे आप्पा म्हणालेत ना, ‘आंधळ्यांच्या घरात पोरगी देऊन नातवंडांचं काय करू?’ नातवंडं ठणठणीत असतील. माझे डोळे जातील, न जातील. सिगारेट त्याच दिवशी सोडली.

काल तू लिहिलंस, आज संध्याकाळी आप्पांना रिपोर्ट दाखवते. दाखवू नको, सुविधा.

बाहेरच्या खोलीत आमच्या सौम्याला बघायला आलेत, तुझ्या आप्पांच्याच नात्यातले. आई त्यांना वखारीची धूळ सांगतेय, मनापासून. ज्या कागदानं मी सुटतो, त्याच कागदात माझी बहीण अडकते: आईची तीच चूक तिच्यातही, आणि ती पोरांना पुढं देणार. आप्पांना कळलं की उद्या तिकडं पोचलंच. सौम्याला अजून काही माहीत न्हाय. तिच्याआधी ते परक्यांना कळलं तर मी भाऊ कसला? पाहुणे उठले की पहिल्यांदा तिलाच सांगणार. पुढं कुणाला, कधी सांगायचं, ते ती ठरवील. तोवर आप्पांच्या नजरेत मी आंधळ्यांतलाच असू दे. थांबशील न्हवं?

आता मुलाची आत्या विचारतेय, ‘पोरीला चष्माबिष्मा न्हाय न्हवं?’ सगळे हसतायत. सौम्याही हसली. आणखी दोन मिनिटं इथं बसलो तर सगळं बोलून टाकीन. या पानाचा फोटो तुला पाठवतो आणि मागच्या दारानं उसाकडं जातो. कॉलेजचं दार आपटलं होतं. हे हळूच ओढून घेतोय, सौम्याच्या हातात चहाचा ट्रे आहे.

तुझाच,
दीपंकर