पाठ शेकायचे सात दगड

लिहून ठेवणार: सुवर्णा मनोहर पानसे, वय बहात्तर, राहणार रेडमंड, वॉशिंग्टन राज्य. माझं डोकं शाबूत असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. माझ्यावर दबाव आणू शकणारा एकमेव माणूस, म्हणजे माझे यजमान, चार वर्षांपूर्वी वारले. तेव्हा हे मृत्युपत्र राजीखुशीचं आहे. आधीचं रद्द समजावं.

कलम १. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा शार्दूल, राहणार शॉमबर्ग, याला. त्याच्याकडे संगमरवरी देवघर आहे, आत रंगीत दिवे लागतात. घासून चकचकीत केलेला दगड त्याला चालतो, ओढ्यातून उचललेला चालत नाही, एवढं नोंदवून ठेवते.

कलम २. सात दगड. माझं माहेर कृष्णाकाठचं. तिथे पाण्याशी साती आसरा मांडलेल्या असतात. मूर्ती नाही, देऊळ नाही. सात दगड, हळदकुंकू आणि दहीभात. इथे घरामागे ओढा मिळाला, तेव्हा त्यातलेच सात गोटे आणून मी पुढच्या पायरीवर मांडले. ह्यांनी ते संध्याकाळच्या आत लाँड्रीच्या कपाटात नेले. म्हणाले, "ऑफिसचे लोक येतात इथे. कुठल्या खेड्यातून आलेत म्हणतील." खेड्यातूनच आले होते मी. हे पुण्याचे, म्हणून देवसुद्धा ह्यांना इस्त्री केलेले लागत.

पाहुणे येणार म्हटलं की मी हळदकुंकू जावं म्हणून आसरांची तोंडं डिश सोपनं धुवायचे. एकदा इथल्या मराठी मंडळाच्या शोभनाताई टॉवेल शोधत कपाटापर्यंत पोचल्या. "हे सुवर्णाची पाठ शेकायला आहेत," ह्यांनी लगेच सांगून टाकलं. शोभनाताईंचीही पाठ धरली होती. त्या सातही दगड आठवडाभरासाठी घेऊन गेल्या. माझ्या माहेरच्या देवता त्यांच्या बेलव्ह्यूच्या घरी मायक्रोवेव्हमध्ये फिरल्या आणि मी दारात उभी राहून "सावकाश परत करा" म्हणाले.

कलम ३. त्यानंतर शोभनाताईंनी दर दिवाळीला आणून दिलेल्या पाठदुखीच्या तेलाच्या एकोणीस बाटल्या, सील न तोडलेल्या, त्यांना परत. माझी पाठ आयुष्यात कधी दुखली नाही. हे कलम मंडळात मोठ्याने वाचायला माझी हरकत नाही.

कलम ४. शेजारीण ग्वेन, निवृत्त बसचालक. ती पेगन आहे, म्हणजे झाडं, पाणी, ऋतू यांनाच देव मानणारी. गाडीच्या काचेवर तसं चिकटवलेलं आहे. हॉस्पिटलच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात ती तेच लिहिते. त्यापायी सख्ख्या बहिणीने तिला थँक्सगिव्हिंगला बोलावणं सोडलं, तरी लिहिते. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे बिघडलेलं वॉशिंग मशीन बघायला आली असताना तिने हळद लागलेले दगड पाहिले. चेहरा खुलला तिचा. "सुवर्णा, यू टू?"

मी म्हणाले, "नो, नो. दे आर फॉर माय बॅक."

तोवर हे जाऊन दोन वर्षं झाली होती. कपाट माझं, घर माझं, अडवणारं कोणी नाही. म्हणजे हे खोटं माझ्या एकटीचं. ह्यांच्या नावाने बोटं मोडून झाली की हे तेवढं उरतं, आणि त्याची मला लाज वाटते.

कलम ५. ~~माझ्यामागे शार्दूलने सातही दगड पुढच्या पायरीवर उघड मांडावेत, वर्षभर हलवू नयेत, तरच कलम १ लागू व्हावं.~~

हे कलम मी त्याला फोनवर वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आई, सीरियसली? यू नेव्हर डिड इट युवरसेल्फ."

उद्धट आहे, पण खरं बोलला. जिवंतपणी जे धाडस झालं नाही ते मुलाच्या गळ्यात बांधून मरायचं, ही युक्ती मी पानशांच्या घरातच शिकले असणार. कलम खोडलं आहे. घर त्याला विनाअट.

दगडांचं म्हणाल, तर ते आज सकाळी मीच पायरीवर नेऊन मांडले. गुडघे कुरकुरले. हळदकुंकू वाहिलं, दहीभात ठेवला. ग्वेन कुंपणाशी येऊन उभी राहिली. तिने काही विचारायच्या आत मी म्हणाले, "नॉट फॉर माय बॅक." ती आत येऊन पायरीशी बसली. मग साक्षीला थांबली. साक्षीदाराला काही ठेवू नये असं वकील म्हणाले, म्हणून तिला प्रसादाचा दहीभात आजच दिला.

सही: सुवर्णा मनोहर पानसे

साक्षीदार:
१. ग्वेन हॅलोरन, शेजारीण. मजकूर तोंडी समजावून सांगितला.
२. ऋषी बेडेकर, समोरच्या घरातला. त्याने आधी विचारलं, "काकू, हे दगड कसले?" त्याला उत्तर दिलं.

तारीख: १४ मार्च २०२६
ठिकाण: रेडमंड, घराची पुढची पायरी. रस्त्यावरून दिसते.