शेतकऱ्यांमधला अर्धा र

सर, तुम्हाला मी एक खोटं कळवलं होतं, ते आज दुरुस्त करतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमचा ऱ्य बसवला, असं मी तुम्हाला कळवलं तेव्हा तो बसवलेला नव्हता. तुम्ही गेलात त्या दिवशीही नव्हता. एवढं एका दमात सांगून टाकलं, आता बाकीचं निवांत लिहितो. तुम्हाला वाचायची घाई असायचं कारण नाही, आणि मला आज सुट्टी आहे.

जालन्यातला तुमचा टायपिंग क्लास मला अजून कानाने आठवतो. पत्र्याखाली ओळीने मशीन, सगळ्यांचा एकदम कडकडाट, आणि त्यातूनही कोणत्या मशीनवर कोणाचं बोट चुकलं ते तुम्हाला बसल्या जागी कळायचं. मी केदारखेड्याहून आलेलो, दहावी झालेली, बोटं कापूस वेचून चिरलेली. आमच्या घरी पक्का समज होता की टायपिंग आलं म्हणजे पंख्याखालची नोकरी आली. तुमच्या क्लासला पंखा नव्हता, पण ते घरी कोणी विचारलं नाही. तुम्ही मशीनच्या कळांवर फडकं टाकायचात आणि म्हणायचात, “डोळे कागदावर. बोटाला बोटाचं काम करू दे.” एक अक्षर चुकलं की खोडरबर नाही, अख्खं पान परत. तुमच्याकडे शेरे दोनच होते, ‘बराबर’ आणि ‘पुन्हा’. ‘छान’ हा शब्द तुम्ही कधी वापरला नाही. आता माझ्या हाताखालची मुलं-मुली दिवसातून दहा वेळा एकमेकांना ‘सुपर’ म्हणतात, आणि त्यानंतर चालू असलेलं सॉफ्टवेअर बंद पडतं. मी ‘बराबर’ म्हटलं की त्यांना वाटतं साहेब नाराज आहेत.

एका रविवारी मी क्लासवर विसरलेली वही न्यायला आलो. तुम्ही पायरीवर उन्हात बसलेले, मांडीवर टॉवेल, हातात सोनाराकडून आणलेली बारीक कानस. समोर पोट उघडं टाकलेलं मशीन. ते हिंदीचं होतं, कुठून तरी जुनं मिळालेलं, आणि त्यात ना ‘ळ’ होता ना आपला तो कोयत्यासारखा अर्धा ‘र’. मी म्हणालो, “सर, रविवारी पण काम?”

“काम सोमवारी. हे शौक हाय.”

“मंग त्याला इतका वेळ?”

“कामात घाई चालते रे. शौकात न्हाई चालत.” मग मशीनकडे बोट करून म्हणालात, “हिच्यावर ‘शाळा’ लिवता येत न्हाई. जिला शाळा लिवता येत न्हाई तिला माझ्या क्लासात बसवू का?”

बिनकामाची दोन चिन्हं घासून, तुकडे डाख देऊन जोडून, तीन रविवारांत तुम्ही त्या मशीनला मराठी केलंत. ‘ळ’ थोडा पोटाळ झाला होता. पण ‘ऱ्’ असा झाला होता की छापल्यावर वाटावं, अक्षर नुकतंच मान वळवून बघतंय. मी आयुष्यात पुष्कळ कारागिरी पाहिली, विमानातून जाऊन पाहिली, पण ‘हे माणसाने केलंय’ असं मला पहिल्यांदा वाटलं ते त्या पायरीवर. आमच्या धंद्यात शौकालाही आता ‘प्रोजेक्ट’ म्हणतात आणि तो कुठल्या कामाला येईल ते आधी विचारतात. कामाला येणार असेल तर तो शौक कसला?

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, टायपिंगच्या जोरावर मी ज्या पुण्याच्या कंपनीत अक्षरं बसवायच्या कामाला लागलो होतो, तिचं मराठी सॉफ्टवेअर घेऊन तुमच्याकडे आलो. जीपमध्ये मॉनिटर मांडीवर घेऊन आलो, नवरदेवाच्या थाटात. क्लासच्या मधोमध तो ठेवला आणि सगळ्यांसमोर भाषण ठोकलं की आता फडकं नको, कार्बन नको, चुकलं तरी पान परत नको. तुम्ही ऐकून घेतलंत. मग खुर्ची ओढून, बाह्या सारून एकच शब्द टाइप केलात. पडद्यावर आलं, ‘शेतकर्यांना’.

“पुन्हा,” तुम्ही स्वतःलाच म्हणालात, आणि पुन्हा टाइप केलंत. पुन्हा तेच.

“सर, ते एवढं चालतं. लोकांना समजतं.”

“समजतं म्हंजे बराबर हाय का? गाढव वरडलं तरी समजतं, गाढव हाय म्हनून.” सगळा क्लास हसला. तुम्ही हसला नाहीत. काचेवर बोट ठेवून म्हणालात, “बघ, हा र य च्या डोक्यावर जाऊन बसला. शेतकऱ्याच्या डोक्यावर आधीच काय कमी हाय, त्यात तू रफार ठिवला? हे दुरुस्त कर, मंग घेऊन ये. मी बिलकुल घेईन.”

मी म्हणालो, पुढच्या आवृत्तीत करतो. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात जुनं खोटं आहे, पण त्या दिवशी मी ते खरं मानून बोललो. पुण्यात साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, हा एका राज्याचा प्रश्न, हिंदीवाल्यांना अडत नाही, सध्या बाजूला ठेवा. मी ठेवला. मला जमत नव्हतं असं नाही, सर. तीन-चार रविवारांचं काम होतं. माझे रविवार तेव्हा पदोन्नतीला वाहिलेले होते.

मग तुमची पोस्टकार्डं यायला लागली. तुमच्या मशीनवरची, पत्ता सोडला तर दोनच शब्द, ‘झालं का?’ तिसरं कार्ड आलं त्या आठवड्यात मी एक पान छापलं. ‘शेतकऱ्यांना’, ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’, अशी वीसेक शब्दांची यादी. ‘र’ची जागा कोरी सोडली आणि काळ्या बॉलपेनाने प्रत्येक ठिकाणी तो कोयता काढला. हात स्थिर होता. खाली लिहिलं, ‘सर, झालं’, आणि पाकीट टपालात टाकलं. उत्तराच्या कार्डावर एकच शब्द होता, ‘बराबर’. तो वाचून मला जी शरम वाटली ती मी जेवणाच्या सुट्टीत विसरलो.

तुम्ही गेल्यावर मी भेटायला आलो तेव्हा ते पान क्लासच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत होतं. काकू म्हणाल्या, “येईल त्येला दाखवायचे. म्हनायचे, पुण्याच्या कंपनीनं आपलं ऐकलं बरं का.” मी चहा घेतला आणि उठलो. तुम्हाला कळलं होतं का, हे मी विचारलं नाही. अक्षराच्या पोटातला उंचसखलपणा ज्याच्या बोटाला कळतो, त्याला शाई कळली नसेल असं मला वाटत नाही. पण कळूनही माणूस ते चौकटीत लावेल, असंही वाटत नाही. या दोन्हींतलं एक काहीतरी खरं आहे, आणि दोन्हींत मी सारखाच दिसतो.

‘ऱ्य’ पुढे बसला, सर. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी. एका सरकारी कचेरीने त्याच्याशिवाय माल घेणार नाही म्हणून कळवलं, तेव्हा त्याच साहेबांनी मला शनिवार-रविवार बोलावून घेतलं. चांगला बसला आहे, य ला हलकेच टेकून. हे मी ठणकावून सांगतो, त्यात मला कोणाचं ऐकायची गरज नाही. आता मला कॉलेजांत भाषणाला बोलावतात. तंत्रज्ञानाने भाषा बिघडते का, असं मुलं विचारतात. मी सांगतो, यंत्र भाषा बिघडवत नाही, ‘चालतंय की’ म्हणणारा माणूस बिघडवतो. मग तुमची गोष्ट सांगतो. पायरी, कानस, शौक, रफार, सगळं. आणि शेवटी, ‘सरांचा शब्द होता, म्हणून मी ते अक्षर बसवलं.’ इथे टाळ्या हमखास येतात. सरकारी कचेरी मी गाळतो, बॉलपेन गाळतो.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. काकूंच्या पत्त्यावर पाठवता आलं असतं, त्या तिथेच राहतात, भिंतही तीच आहे. दर दिवाळीला गावी जाताना जालना वाटेवर येतं. मी गाडी सिल्लोड-भोकरदनवरून वळवून नेतो आणि घरच्यांना सांगतो की जालन्याकडून रस्ता खराब आहे. खराब आहे तो सिल्लोडचा.