पंचविशीचा आवाज

४ मार्च
आज घरी राहून शुश्रूषा करायच्या कामावर रुजू झालो. घर ऐसपैस, माझी खोली उजेडाची, पलंग घरच्यापेक्षा मऊ. आणि पेशंट कोण, तर ज्याच्या गाण्यांवर आम्ही कॉलेजात बाकं बडवली तो गायक! पक्षाघाताने उजवी बाजू गेली, वाचाही गेली. घर त्याची धाकटी बहीण सांभाळते; सगळे तिला ताई म्हणतात, मला ब्रदर. तळमजल्यावर स्टुडिओ आहे. जुन्या रेकॉर्डिंगचे हक्क कंपनीकडे अडकलेत, म्हणून बँडची गाजलेली गाणी ही म्हातारी मंडळी पुन्हा पहिल्यापासून रेकॉर्ड करताहेत. ड्रमरकाका गुडघ्यांना पट्टे बांधून वाजवतात. म्हणाले, आमच्या बँडमध्ये आता गिटारच्या तारांपेक्षा स्टेंट जास्त आहेत. पोट धरून हसलो. इथे आपलं छान जमणार.

६ मार्च
पहिलं गाणं झालं. साधं पाणी मागता येत नाही या माणसाला. पण हेडफोन चढवले, ड्रमरकाकांनी काड्या वाजवून ताल दिला आणि अख्खं गाणं एकही शब्द न चुकता म्हटलं. आवाज पंचविशीतला! गिटारवाले काका चष्मा काढून डोळे पुसत होते. बोलणं आणि गाणं मेंदूत वेगवेगळ्या जागी असतं, हे शिकताना वाचलं होतं, पाहिलं आज.
संध्याकाळी मात्र त्याला डाव्या हातात चमचा धरता येईना. सकाळी तर सूप स्वतःच्या हाताने प्यायला होता. दमला असेल.

१० मार्च
दुसरं गाणं झालं आणि डावा पायही गेला. आवाज तेवढा आणखी कोवळा झाला. अंगातलं सगळं उपसून कुणी गळ्यात भरतंय की काय, असं वाटतं. ताईंना म्हटलं, थोडे दिवस विश्रांती द्या. त्या म्हणाल्या, तो गातो तेव्हाच तर बरा असतो, ब्रदर. तुम्हीच बघता ना?
अंग पुसताना तो त्याच गाण्याची चाल म्हणत होता. शब्द मात्र वेगळे. कान दिला. ‘पुरे, पुरे, पुरे.’

१४ मार्च
आज रेकॉर्डिंगमध्येच त्याने शब्द बदलले. ‘निजू दे, निजू दे मला.’ गिटारवाल्या काकांचा हात थांबला. ताई काचेपलीकडून म्हणाल्या, शब्द चुकला, पुन्हा घ्या. पुन्हा घेतलं. पुन्हा. दुपारपर्यंत घेत राहिले. शेवटी बरोबर म्हटलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.
नोकरी सोडावीशी वाटते. पण मी गेलो तर त्याला कुशीवर कोण वळवणार? पाठीला जखमा व्हायला लागल्यात.

१७ मार्च
सकाळी नाडी लागली नाही. मनगट, मान, मग स्टेथोस्कोप. बाहुल्यांवर बॅटरी मारली. इतकी वर्षं हेच काम करतोय, यात मी चुकत नाही. तो गेला.
ताईंना सांगितलं. त्या रडल्या नाहीत. इस्त्रीचा शर्ट काढून माझ्या हातात दिला. ‘तीन गाणी राहिलीत. ती आपली झाली की सोडते त्याला.’
मी ओरडलो. त्यांनी स्वतःच बटणं लावली, खुर्चीत बसवला, खाली नेला.
आणि तो गायला.

१८ मार्च
डॉक्टरांना बोलावलं. ते काचेबाहेर उभे राहिले, गाणं ऐकलं, मान डोलावली. मलाच झापलं — असा गाणारा माणूस मेलेला कसा असेल? हातही न लावता गेले.
त्याचं अंग बर्फासारखं आहे. बोटं ताठ. ड्रमरकाकांना जिन्यात गाठलं, वाजवू नका म्हणून हात जोडले. ते म्हणाले, आम्हाला कळत नाही का? पण गाणं सुरू झालं की हात आमचे राहत नाहीत.

१९ मार्च
वास येतोय. ताई खिडक्या उघडतात. आता एकच गाणं उरलंय.
आज पुन्हा शब्द बदलले. माझ्याकडेच बघत — त्या डोळ्यांनी बघता येतं का, माहीत नाही — ‘ब्रदर, तोंड बांध.’
गेलेल्या माणसाचं आम्ही तेच करतो. डोळे मिटतो, जबडा बांधतो. मी ते केलंच नव्हतं.

२० मार्च
केलं. सगळे यायच्या आत. हनुवटीखालून बँडेज, डोक्यावर गाठ. अंग एकदम सैल पडलं. चेहरा शांत झाला. मी ढसाढसा रडलो.
ताई आल्या. त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागावल्या नाहीत. शेवटचं गाणं येतं का, विचारलं.
खोटंच नाही म्हणालो. ते कुणाला येत नाही?
खोलीत येऊन कडी लावलीय. खाली काड्या वाजताहेत — ताल देताहेत —
जबडा दुखतोय. मी उघडत नाहीये — आपोआप —
पहिली ओळ गेली तोंडातून. त्याच्या आवाजात — उजव्या हातात बळ नाही, डाव्याने लिहितोय —
बँडेज गुंडाळलं, एका हाताने गाठ बसत नाही — कुणी वाचलं तर माझं तोंड बां