धुऱ्याकडची ओळ

बाबा, शेंदूरजनाघाटचा आपला संत्र्याचा बगीचा विकूनही आता किती वर्षं झाली, तरी आज दिवसभर धुऱ्याकडची, बांधालगतची ती एक ओळच डोळ्यांपुढे होती. झाडांच्या बुंध्यांना डिंक सुटला होता आणि तुम्ही नवं औषध आणलं होतं. साऱ्या बगीच्याला दिलंत आणि ती ओळ मुद्दाम सोडलीत. माझं झोक्याचं झाड नेमकं त्याच ओळीत! मी पाय आपटून रडते आहे आणि तुम्ही हातातली बादली खालीही न ठेवता म्हणता, "एक ओळ सोडल्याबिगर गुन औषधाचा का पान्यापावसाचा, कसं समजन?" मी म्हटलं, "मंग हेच काहून? दुसरी सोडा ना." तुम्ही म्हणालात, "कोन्ती सोडू? तूच दाव." मी बोट उचललं, साऱ्या बगीच्यावरून फिरवलं आणि खाली घेतलं. ती ओळ वाळली, बाकीचा बगीचा तगला. ती झाडं तोडायला तुम्ही मजूर लावला नाहीत, स्वतःच तोडलीत, आणि त्या दिवशी जेवायला बसला नाहीत.

मी आता चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यात चौथीपर्यंतची शाळा सांभाळते. वर्ग चार, बाई एक. दुसरी जागा भरणार, भरणार, हे ऐकून कान किटले. गेल्या वर्षी तालुक्याला सभा झाली. मूल कितवीत आहे ते बाजूला ठेवून, त्याला वाचता किती येतं ते पाहून गट करायचे, वाचनाची कार्डं द्यायची आणि रोज शिकवायला एक ताई पाठवायची, अशी योजना होती. खरंच उपयोग होतो का ते कळावं म्हणून निम्म्याच शाळांना द्यायची, बाकीच्या तुलनेसाठी तशाच ठेवायच्या. चिठ्ठ्या टाकल्या. माझी शाळा तशीच राहिली. शेजारचे गुरुजी कुरकुरले, मी नाही. आजवर आमच्या डोक्यावर जे जे आलं ते कोणी करून पाहिलेलं नव्हतं. इथे निदान कोणीतरी आधी तपासून पाहत होतं. मला तर बरंच वाटलं. तुमचीच लेक ना!

पण माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तेव्हा तिसरीत होती. अक्षरं ओळखते, पण दोन अक्षरं जोडली की थांबते. तपासणीला आलेल्या माणसाने तिच्यापुढे चार ओळींचा उतारा ठेवला. ती बोट पहिल्या शब्दावर ठेवून नुसती बसून राहिली. तो भला माणूस होता, त्याने घाई केली नाही. वर्ष संपताना पुन्हा आला, तोच प्रकार. तिची मामेबहीण तिच्याहून लहान, ती शिकते त्या शाळेत मात्र ताई गेली होती. सुट्टीत आजोळी जाऊन आल्यावर ही मला म्हणाली, "मॅडम, ते त सरसर वाचून राहिली. मले काहून नाई येत?"

यंदा निकाल सांगायला सभा झाली. उपयोग होतो, चांगला होतो. टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या. मग उभी राहून विचारलं, आता आमच्याकडे कधी? साहेब गोड बोलले, "मॅडम, तुमच्या शाळांमुळेच तर हे सिद्ध झालं." पुढे कळलं, तो निधी संपला आणि नवी योजना येते आहे, अगदी वेगळी. ती कोणी करून पाहिलेली नाही. मी कार्डांच्या झेरॉक्स काढून आणल्या, पण चार वर्गांतून रोजचा वेळ कुठून काढू? आठवड्याभरात त्या कपाटात गेल्या.

ओळ सोडावी लागते, हे मला आजही पटतं. दुसरी कुठली शाळा सोडा, हे मला आजही दाखवता येणार नाही. पण तुम्ही गुण कळल्यावर पुढच्या बहाराला एकही झाड वगळलं नव्हतं, बाबा. इथे कळलं सगळ्यांना, आणि तिथेच संपलं. मला आता यातून काही निघेल असं वाटत नाही.

हे तुम्हाला पोचणार नाही तेच बरं. नाहीतर तुम्ही पहिलं हेच विचारलं असतं, पोरीले काय सांगतलं? आज चौथीचा शेवटचा दिवस होता. सगळे गेल्यावर ती दारात थांबली. "मॅडम, आपल्या शाळेत ताई कधी येईन?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी." ती जरा विचारात पडली. "मंग मी त पाचवीत जाईन नं, दुसऱ्या शाळेत." मी पाठ फिरवून फळा पुसायला लागले. फळा कोराच होता.