अर्नेस्ट आतोबांच्या टोमॅटोसाठी माती

ती. हिल्डा आत्यास, तुझ्या जुन्या गुडघ्यांना आणि नव्या खुब्याला जेथ्रोचा वेगवेगळा नमस्कार.

मैत्रीण पेनीकडे समुद्राची हवा खाऊन तू सुधारत असशील. इकडे थॉर्नलीत सगळं ठीक, म्हणजे पाऊस आहे. मांजर माझ्यावर नाराज आहे (ते आधीपासूनच होतं). तू विचारायच्या आत सांगतो, आतोबांच्या टोमॅटोचं बी पेरलं. सगळं नाही, निम्मं. आतोबांनी जन्मभर जपलेलं, जगात दुसरीकडे कुठेच नसलेलं ते बी माझ्या हाती देताना, माकडाच्या हाती तान्हं मूल द्यावं तसा तुझा चेहरा झाला होता, हे मी विसरलेलो नाही.

'चांगली माती आण,' एवढंच तू म्हणालीस. आत्या, बागेच्या दुकानात वाईट माती विकतच नाहीत. पिशव्या म्हणजे लग्नाच्या जाहिरातीतले मुलगे, एकजात निर्व्यसनी. एक बियांसाठी, एक कुंड्यांसाठी, आणि एक 'सर्व कामांसाठी', म्हणजे कुठल्याच नाही. फोडून बघणं असभ्य, म्हणून सगळी गिऱ्हाइकं आजारी गाईचं पोट चाचपावं तशी पिशव्या बाहेरून दाबत होती, आणि एकमेकांच्या पिशवीला हात लागला की माफी मागत होती. मी मधेच चहा प्यायला गेलो (स्कोन बरे होते, जॅम लावणारा कंजूष) आणि परत येऊन, जिच्यावर सर्वांत लाल टोमॅटो छापला होता ती पिशवी उचलली. चांगली जड लागली म्हणून खूश झालो. ते वजन पावसाचं होतं; पिशव्या हिवाळाभर उघड्यावर भिजत होत्या.

घरी फोडली तर आत काटक्या, काचेचा तुकडा, प्लास्टिकच्या सैनिकाचा पाय आणि मधेमधे संकोचून बसलेली माती. शेजारच्या वाफ्यावरच्या थ्रेलफॉलबुवांनी मूठभर घेऊन पिळली, तर पाणी गळलं. "पोरा, ही माती नव्हे, कुणाचं तरी कुंपण दळलंय. पूर्वी पीट मिळायचं, दलदल खणून काढलेली काळी माती, काय वास होता त्याला! पण तुझ्या आत्याने बागकाम सोसायटीची सेक्रेटरी होऊन सगळ्यांना पीट न वापरण्याची शपथ घातली ना. भोगा आता." तरी पेरलं. उगवली अळंबी.

मग पिशवी खांद्यावर टाकून भांडायला गेलो. रांगेत उभं राहण्यातच निम्मा राग उतरला. काउंटरवरची मॉरीन म्हणाली, "अरेरे, माफ कर हं, राजा." मी म्हणालो, "नाही नाही, चूक माझीच असेल." "छे, आमचीच." "उगाच त्रास दिला, माफ करा." इतक्या माफ्यांनंतर रिकाम्या हाताने निघणं बरं दिसेना, म्हणून त्याच मातीच्या आणखी दोन पिशव्या घेऊन आलो. हसू नकोस, तू तिसरीही घेतली असतीस.

तुझा (अजून तुझ्याच घरात असलेला) भाचा,
जेथ्रो

ता. क. खरं काम हे, की उरलेलं बीही बुडालं तर आतोबांचा टोमॅटो कायमचा संपला. तू दरवर्षी ज्या मातीत पेरतेस तिचं नाव ताबडतोब कळव.

ता. क. २. कळवू नकोस. आरामखुर्ची शोधायला तुझ्या शेडमध्ये गेलो, तर मोर्च्यातल्या 'दलदल वाचवा' फलकाखाली पीटच्या पिशव्या नीट रचलेल्या, वर ब्लँकेट. एक फोडली आणि उरलेलं बी पेरलं.

ता. क. ३. पत्र टपालात टाकायचं राहून गेलं, तेवढ्यात बी उगवलं. झाडून सगळं. पण थ्रेलफॉलबुवांनी शेडमधलं भांडार पाहिलं, आणि सोसायटीच्या सभेत गप्प बसण्याबद्दल एक पिशवी मागितली. मी दिली. म्हणजे रिकामी झालेली पिशवी तुझी, आत माती मॉरीनची, काटक्या तेवढ्या वेचून. बुवांनी हुंगून डोळे मिटले. म्हणाले, "हा खरा वास. हल्लीच्या मातीला कुठला?"

तेव्हा तुझी अब्रू शाबूत आहे. टोमॅटो पिकेपर्यंत मागची खोली मला लागेल.